बावीस फेऱ्यांचा समुद्र

दि. ४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. साष्टांग मनातल्या मनात घालतो आहे, कंबर धरली आहे.

पत्रास कारण की, मी घरात समुद्र आणतो आहे. घाबरू नकोस, लहानसाच आहे. चार बादल्यांचा.

त्याचं झालं असं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. तिथे बसायच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. आत खडक, खडकावर प्रवाळ, ते पाण्याबरोबर डोलतं. मागे एक छोटा पंप. ताई, मला आधी मासे दिसलेच नाहीत, मला पंप ऐकू आला. बारीक, एकसुरी, भरवशाची घरघर. लिफ्टच्या मोटारींशेजारी चाळीस वर्षं काढली मी, मला तेवढं पुरलं. डॉक्टरांनी तपासलं, डोळे ठीक आहेत म्हणाले, आणि मी बाहेर येऊन परत त्याच खुर्चीत बसलो. तासाभराने तिथल्या नर्सने विचारलं की कुणाची वाट बघताय का. मग उठलो.

आमची ही गेल्याला दोन वर्षं होतील. घरात आता आवाज करतो तो फक्त फ्रिज. तोही मधूनच गप्प होतो, मग मी उठून त्याला एक थाप मारून येतो.

दुकानदार म्हणतो, पंधरा हजारांत सगळं होईल. तुझं काय मत ते कळव. आगाऊ रक्कम मी देऊन बसलो आहे, पण तरी मत कळव.

रागासकट लोभ असावा,
तुझा खुडबुड्या


दि. १२ जानेवारी

चि. खुडबुड्यास,
अ. उ. आ. आणि एक धपाटा.

अरे, साठी उलटली तरी तुझी खुडबुड काही जाईना. लहानपणी घड्याळ उघडून बसायचास, आता समुद्र. पैसे देऊन झाल्यावर मत विचारणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला. माझं मत ऐक. एक बरणी घे, त्यात साधा एक मासा सोड, आणि उरलेल्या पैशांत गाडीत बसून इकडे ये.

ती गेल्यापासून मी तुला किती वेळा बोलावलं, सांग बरं. दरवेळी तुझं काहीतरी असतं. कधी नळाचं काम, कधी पेन्शनचा कागद, कधी पोट. फोनवर भांडले असते, पण माझ्या कानांची तऱ्हा तुला ठाऊक आहे. फोन लावला की मला फक्त खरखर येते आणि मी आपली "हो, हो" म्हणत राहते. मागच्या खेपेला तर वीजबिलवाल्याशी तुझा फोन समजून दहा मिनिटं बोलले.

इकडे काम बरं चाललं आहे. शाळेतल्या बाईंचे झगे घट्ट-सैल करून देते. शिलाई मशीनच्या पायडलवर गुडघे कुरकुरतात, ते मात्र मला ऐकू येतात.

खर्च खरा काय होतो तो कळव. पंधरा हजारांवर माझा विश्वास नाही.

बोलावणं उघडंच आहे,
ताई


दि. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. कान धरून.

तू म्हणालीस तेच खरं झालं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

टाकी आणि तिचं टेबल सहा हजार. इथवर मी खूश होतो. मग खडक. तो साधा दगड नसतो म्हणे, जिवंत असतो, त्याच्या भोकाभोकांत जीवजंतू असतात आणि तेच पाणी स्वच्छ ठेवतात. सहा किलो घेतला, सहा हजार. दगड किलोवर घेणारा आपल्या घराण्यात मीच पहिला. प्रवाळाला उजेड लागतो म्हणून खास दिवा, सात हजार. पंप आणि पाणी कोमट ठेवायचा हीटर, साडेचार. समुद्राचं मीठ आणि ते मोजायचं यंत्र, साडेतीन. मग कळलं की नळाचं पाणी चालत नाही, म्हणून ते गाळायचं मशीन, पाच हजार. इतकं झाल्यावर टाकीत सोडायला जीव घ्यायचा राहिलाच होता. एका कोळंबीचे हजार देऊन ठेवले. बेरीज तेहतीस हजार. लिफ्टचा एखादा भाग इतका फुगवून सांगितला असता तर मालकाने मला जिन्यावरून पाठवलं असतं.

आणि कोळंबी लगेच मिळत नाहीच. पाणी तयार व्हायला सहा आठवडे लागतात. तोवर मी नुसतं पाणी बघत बसतो. खालच्या मजल्यावरची इस्त्रीवाली कपडे द्यायला आली, टाकीत डोकावली आणि म्हणाली, काका, मासे मेले का? म्हटलं, यायचेत.

पण पंप चालू आहे. घरात आलो की आधी तो ऐकतो.

एक अडचण मात्र आहे. पाणी रोज थोडं उडून जातं आणि मीठ मागे राहतं. म्हणून रोज सकाळी गोडं पाणी घालावं लागतं, एक दिवसही चुकवून चालत नाही. त्यामुळे इतक्यात तुझ्याकडे यायला जमेलसं दिसत नाही.

क्षमेसह लोभ असावा,
खुडबुड्या


दि. १० फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास,
आशीर्वाद आहेत. जास्त नाहीत.

हौसेला मोल नसतं, मान्य. पण मी शिवणारी बाई, माप घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. तुझ्या गावाहून माझ्या गावी यायचं आणि परत जायचं तिकीट दीड हजार. तेहतीस हजारांत बावीस फेऱ्या होतात. बावीस वेळा तू माझ्या दारात उभा राहिला असतास.

आणि शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला. एक दिवसही चुकवून चालत नाही म्हणे! नळ झाला, पेन्शन झाली, पोट झालं, आता तेहतीस हजार मोजून पक्कं कारण विकत आणलंस. मला कानाने कमी ऐकू येतं, डोळ्यांनी नाही.

तुला यायचं नसेल तर तसं लिही. मी वाट बघायचं सोडून देईन. रोज दुपारी गाडीच्या वेळेला मशीन थांबवते मी, उगाच. तेवढं काम तरी पुढे सरकेल.

ताई


दि. २० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

महिनाभर पत्र लिहायला घेतो आणि फाडतो. आज लिहूनच टाकतो.

कोळंबी आली. लाल पाठ, त्यावर पांढरा पट्टा, लांबच लांब पांढऱ्या मिशा. दुकानदाराने प्रवाळाचा एक तुटलेला तुकडा फुकट दिला, बोटाएवढा, तोही तग धरून आहे. या जातीची कोळंबी माशांच्या अंगावरची घाण टिपून खाते. माझ्याकडे मासाच नाही. तर गेल्या आठवड्यात काच पुसायला हात आत घातला आणि ही आली, तळहातावर चढली, आणि माझी नखं साफ करायला लागली. एकेक बोट. गुदगुल्या झाल्या, हसलो, आणि मग ताई, मला रडू फुटलं. दोन वर्षांत माझ्या हाताला कुणी हात लावला नव्हता. सुट्टे पैसे देतानासुद्धा लोक काउंटरवर ठेवतात. मी तिचं नाव नर्सबाई ठेवलं आहे. रोज दहा मिनिटं हात आत धरून उभा राहतो. काच पुसतो असं स्वतःला सांगतो.

आता तुझ्या पत्राचं. तुझं खरं आहे. ते कारणच आहे.

तुझ्याकडे मी कधी एकटा आलोच नाही. तुझ्या दाराची कडी नेहमी हीच वाजवायची आणि मी मागे पिशव्या घेऊन उभा. तू दार उघडून आधी तिला जवळ घ्यायचीस, मग मला म्हणायचीस, आलास का रे लटांबरा. आता त्या दारात एकट्याने उभं राहायचं, कडी आपण वाजवायची, ह्याचीच मला भीती वाटते. दोनदा तिकीट काढून परत केलं आहे. तुला सांगायची लाज वाटली.

वाट बघायचं सोडू नकोस.

तुझा
खुडबुड्या


दि. २८ मार्च

चि. खुडबुड्यास,
अ. उ. आ., या वेळी भरपूर.

पत्र तीनदा वाचलं. दोनदा तिकीट परत केलंस, त्यात किती कापले ते कळव म्हणजे बेरजेत धरते.

नर्सबाईंना माझा नमस्कार सांग. माझ्या भावाचे हात बरे आहेत ना, ते बघत जा म्हणावं.

तुझी
ताई


दि. १८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नर्सबाई गेली.

सकाळी पाणी घालायला गेलो तर खडकाखाली आडवी पडलेली. मिशा, पाय, सगळं जागच्या जागी, पण हालचाल नाही. चमच्याने बाहेर काढली तर वजनच नाही हाताला, पोकळ झाली होती. मीठ मोजलं, ठीक. पाणी कोमट, ठीक. चाळीस वर्षांत माझ्या हातून एक लिफ्ट अडकली नाही, आणि एवढासा जीव सांभाळता आला नाही मला.

हिने लावलेल्या कुंडीत पुरली. बाल्कनीतली ती एकच कुंडी अजून हिरवी आहे.

हे सांगायला दुसरं कुणी नाही म्हणून तुला लिहितो. इस्त्रीवालीला सांगणार होतो, पण कोळंबीसाठी रडणारा म्हातारा बघून ती काय म्हणेल? पंप चालू आहे. आज तो ऐकवत नाही.

उत्तराची घाई नाही.

खुडबुड्या


दि. २३ एप्रिल

चि. खुडबुड्यास,
अ. उ. आ.

मी येते. गुरुवारी, तीन तारखेला सकाळच्या गाडीने निघते, संध्याकाळी पोचते. मशीनवर चादर घातली. शाळेतल्या बाईंना सांगितलं, झगा मी परत आल्यावर मिळेल.

एकटीने इतका प्रवास कधी केला नाही. कंडक्टर काय ओरडतो ते मला ऐकू येणार नाही, तेव्हा तुझ्या गावाचं नाव कागदावर लिहून हातात धरून बसणार आहे. तू स्टँडवर उभा राहा. माझी वाट तू बघ, एकदा तरी.

येते,
ताई


दि. २८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. तुला घाईने कळवायला हवं की नर्सबाई जिवंत आहे.

वीस तारखेला खडकामागून ऐटीत बाहेर आली, आधीपेक्षा जास्त लाल, जास्त मोठी. दुकानदार पोट धरून हसला. म्हणाला, काका, कोळंबी कात टाकते, नवं कवच घट्ट होईस्तोवर दोन दिवस लपून बसते. तुम्ही पुरलात तो तिचा जुना झगा.

म्हणजे तू येण्याचं कारणच उरलं नाही. हे पत्र आज टाकलं तर निघायच्या आत तुला मिळेल. गुडघे दुखत असताना, कानाने ऐकू येत नसताना, तू एवढा प्रवास का करावास? टाकणंच शहाणपणाचं आहे.

पेटीपर्यंत दोनदा जाऊन आलो. हात वर गेला आणि खाली आला. टाकलं तर तू येणार नाहीस.

टाकत नाही. मला माफ कर.

खुडबुड्या


दि. १५ मे

चि. खुडबुड्यास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. कंडक्टर भला होता, माझं गाव आल्यावर खांद्याला हात लावून उठवलं.

आता नीट ऐक. नऊ दिवस तुझ्याकडे राहिले, पण तोंडावर बोलले नाही ते लिहिते. पहिल्याच दिवशी टाकीत कोळंबी दिसली, तेव्हा तू म्हणालास, दुकानदाराने दुसरी दिली. खोटं बोलताना तुझे कान लाल होतात, सहाव्या वर्षापासून. मग तुझ्या पँटचा उसवलेला खिसा शिवायला घेतला, तर आत टपालाचं पाकीट निघालं. माझं नाव, माझा पत्ता, तिकीट चिकटवलेलं. माझ्याच नावाचं पत्र, म्हटलं, वाचायला कुणाची परवानगी कशाला? वाचलं, परत होतं तसं घातलं आणि खिशाला दुहेरी टीप मारली.

आणि आता माझं ऐक. तुझं रडकं पत्र आलं त्या दिवशी शाळेतल्या बाई झग्यासाठी आल्या होत्या. त्या विज्ञान शिकवतात. त्यांना दाखवलं तर म्हणाल्या, अहो ताई, ती मेली नाही, कात टाकली असेल, दोन दिवसांत दिसेल. गाडीचं तिकीट मी त्यानंतर काढलं.

तेव्हा माफी कसली मागतोस?

निघायच्या दिवशी तू अंघोळीला गेलास, तेव्हा मी टाकीत हात घातला. तुझा पंप मला ऐकू येत नाही, पण काचेला तळवा लावला की ती घरघर हाताला लागते. नर्सबाई आली. सुईने टोचून टोचून माझी बोटं कशी झाली आहेत ते तू पाहिलंच आहेस. तिने एकेक बघितलं. मीही काच पुसत होते असं समज. तेहतीस हजार मला महाग वाटले होते, ते मी मागे घेते.

पण ते तुझं पक्कं कारण मात्र मी मोडून आले आहे. टाकीच्या कडेला माझ्या मापाच्या टेपचा तुकडा चिकटवला आहे, पाहिला असशीलच. इस्त्रीवालीला दाखवून ठेवलं, रोज सकाळी गोडं पाणी, बरोबर बाराच्या आकड्यापर्यंत, कमी नाही, जास्त नाही. बाई हुशार आहे, एकदाच सांगावं लागलं. ती म्हणाली, काकांना जाऊ द्या कुठेतरी, सारखे त्या काचेशी उभे असतात.

सोबत तिकीट आहे, सात जूनचं. हे परत केलंस तर बघ.

दारात एकटं उभं राहायची भीती वाटते म्हणालास ना? दारात येऊच नकोस. मी स्टँडवर उभी असेन, गाडीच्या वेळेच्या आधीपासून. फक्त लांबून हाका मारत बसू नकोस, मला ऐकू येणार नाहीत. सरळ ये आणि माझा हात धर.

वाट बघते आहे,
तुझी ताई