विमला अक्का आनेकलला का गेली, याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
सामाजिक मानवशास्त्र विभाग,
दख्खन समाजविद्या संस्था, बेंगळूरु.

विषय : आपल्या प्रबंधात नोंदलेली आमच्या समाजाची एक रीत खोटी असल्याबाबत व ती २० नोव्हेंबरपूर्वी रद्द करण्याबाबत.

संदर्भ : १) सन १९७८ चा प्रबंध, पृष्ठ १४३. २) माझे यापूर्वीचे दोन अर्ज. ३) आपले उत्तर, ज्यात उत्तर नाही.

महोदय,

मी कृष्णवेणी, वय ६९, राहणार बनशंकरी. आमची मंडळी इथे पिढ्यान्‌पिढ्या कापडाचा धंदा करतात. आपल्या संशोधिकेने माझे शब्द मराठीत नेले होते, म्हणून परतही मराठीतच मागते.

१. १९७७ साली त्या बाई आठ महिने आमच्या स्वयंपाकघरात वही घेऊन बसत. घरात नणंदेचे लग्न होते आणि माझी विधवा मोठी जाऊ विमला अक्का कुठे दिसेना. खरे कारण असे की, एका रेशमी साडीवरून तिचे सासूबाईंशी कडाक्याचे भांडण झाले आणि ती तणतणत आनेकलला भावाकडे निघून गेली. सात दिवस फिरकली नाही. घरची धुणी परक्या बाईपुढे कशी धुवायची? मी एकवीस वर्षांची सून. आमच्यात अशीच रीत आहे, असे सांगून मोकळी झाले.

२. बाईंनी त्याचे पृष्ठ १४३ केले. लग्नघरातील विधवेने सात दिवस दक्षिणेस जाऊन राहावे, कारण दक्षिण ही यमाची दिशा, असे त्यात छापले आहे. महोदय, आनेकल दक्षिणेस आहे याला विमला अक्काचा नाइलाज होता. तिचा भाऊ उत्तरेला राहत असता तर आपण कुबेराला आणले असते.

३. आता आमच्या समाजाच्या संघाचे चिटणीस किरणकुमार यांनी हा प्रबंध हुडकून विसरलेल्या रीतींची पुस्तिका काढली आहे. माझे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले. नात मनस्विनीचे लग्न ३० नोव्हेंबरला आहे. तिची आई गेली तेव्हा ती अकरा महिन्यांची होती. तिला मी वाढवले. मुलाकडच्यांनी पुस्तिका वाचली आणि मला २३ तारखेला आनेकलला पाठवा म्हणतात. किरणकुमार समजूत घालतो, "अज्जी, सातच दिवस, स्वल्प अ‍ॅडजस्ट करा." खरे सांगितले तर म्हणतो, संस्थेला तुमच्यापेक्षा जास्त कळते.

४. मी कार्यालयात आले तेव्हा प्रा. सुधींद्र यांनी तासभर आपल्या शास्त्राचा इतिहास ऐकवला. आधी हे लोक माणसांची नाके-डोकी मोजत. मग रीतीभाती मांडू लागले, जणू त्या दगडात कोरल्या आहेत. पुढे लिहिणाऱ्यालाच स्वतःच्या लेखणीची शंका आली. आज असा प्रबंध कोणी खरा मानत नाही, त्या काळच्या विचारांचा नमुना म्हणून जपतात. उत्तम. मग तसे त्यावर लिहा की! तुमचे शास्त्र शहाणे झाले, ते तुम्ही एकमेकांनाच सांगितलेत. आमच्या वाट्याला पृष्ठ १४३ तेवढे आले.

५. आपण कळवता की, माहिती देणाऱ्याची आठवण वयपरत्वे विश्वसनीय नसते. खोटे बोलले तेव्हा मी विश्वसनीय होते, हे ध्यानात घ्यावे. वर आपण रूपश्री नावाची मुलगी पाठवलीत. तिने आधी संमतीपत्रावर माझी सही घेतली आणि मग विचारले, आनेकलला जाताना तुम्हाला काय वाटेल? मी तिला कॉफीसुद्धा विचारली नाही. आमच्या घरी असे कधी घडले नव्हते.

६. खोटे माझे आहे, हे मान्य करते व त्याची मला लाज वाटते. सबब विनंती की, २० तारखेपूर्वी पृष्ठ १४३ वर सहीशिक्क्याची दुरुस्ती चिकटवून तिची प्रत संघास द्यावी. जमत नसेल तर २३ तारखेला सकाळी सात वाजता आपण जातीने बनशंकरीस यावे, माझी पिशवी उचलावी आणि मला आनेकलच्या बसमध्ये बसवावे. तिथे आता आमचे कोणीही नाही. कुठे उतरायचे, तेही आपणच सांगावे. मनस्विनी दारात उभी असेल. आजी का चालली, असे ती विचारेल. मी काही बोलणार नाही. माझे खोटे अठ्ठेचाळीस वर्षे पुरले. या खेपेस तिच्या तोंडाकडे बघून आपण बोलावे.

नम्र राहण्याची शिकस्त करणारी,
(सही)
श्रीमती कृष्णवेणी शामसुंदर महेंद्रकर
बेंगळूरु, दि. ५ नोव्हेंबर २०२५

सोबत : १) पृष्ठ १४३ ची छायाप्रत. २) लग्नपत्रिका (पुराव्यादाखल, निमंत्रण समजू नये).