कॅसेटच्या खाचेतला कागद

द्वारका,
१७ नोव्हेंबर २००७

प्रिय अक्षया,

अनेक आशीर्वाद. तिकडे थंडी सुरू झाली असेल. गळ्याला मफलर गुंडाळतेस ना? हे पत्र मी हाताने लिहिते आहे. नीरज म्हणाला, "आई, तू बोल, मी मेल करून टाकतो, दोन मिनिटांचं काम." पण त्याला सांगायचं म्हणजे सगळं त्याला आधी कळणार, आणि ते आधी तुला कळावं असं वाटतं. अक्षर वेडंवाकडं दिसलं तर समजून घे. चष्मा बदलायला झालाय.

इकडे सगळे बरे. मेट्रो आल्यापासून तुझे काका रोज निमित्त काढून कुठेतरी जाऊन येतात. काल तर पहाडगंजहून नुसती पाव किलो बडीशेप आणली. फरीदाबादचं दोन खोल्यांचं घर सोडून इथे सातव्या मजल्यावर आलो त्याला चार वर्षं झाली, पण मला अजून खाली कुणी हाक मारतंय असं वाटून मी गॅलरीत जाते. आमचं मंगळवारचं भजनी मंडळ मात्र इथेही जमवलं. कुसुमावती येते कँटोनमेंटमधून; तिचे कृष्णातराव सुभेदार म्हणून रिटायर झाले तरी ती अजून सगळ्यांना लाइनीत बसवते.

तू सहा वर्षांची माझ्याकडे आलीस, ताई गेल्यावर. मला कुणी गाणं शिकवलं नव्हतं. रेडिओसमोर पोळ्या लाटता लाटता जे उचललं, तेच तुला दिलं. त्यात एकच गोष्ट माझी स्वतःची होती, की श्वास ऐकू येता कामा नये. तुझ्या नाकासमोर मी कापसाची वात धरायची, आणि ती हलली की पुन्हा पहिल्यापासून. तू रडकुंडीला यायचीस. "मावशी, श्वास न घेता माणूस मरतो," असं एकदा म्हणालीस आणि मी हसून पुन्हा वात धरली.

मग ते दिवस आले. टीव्हीवर दोनाचे चाळीस चॅनल झाले, रोज नवा साबण, नवी मोटारगाडी, आणि दिल्लीतल्या स्टुडिओंना जाहिरातींसाठी गळे हवे होते. तू फरीदाबादहून बस बदलत जायचीस, एकाच दिवशी एकच ओळ हिंदी, मराठी, पंजाबी, बंगालीत गाऊन यायचीस आणि जेवताना त्या साबणाचं गाणं बंगालीत म्हणून आम्हाला हसवायचीस. तिथेच तो यंत्रांवर संगीत करणारा जर्मन मुलगा तुला भेटला. सहा महिन्यांत तू लंडनला. मी सगळ्यांना सांगितलं, पुढच्या शिक्षणाला गेली. तो पहिला खोटेपणा. त्याचीही लाज वाटते, पण तो आजचा विषय नाही.

सत्याण्णवच्या श्रावणात तुझी कॅसेट आली. चार गाणी, तुझ्या हाताने लिहिलेलं लेबल, "फक्त मावशीसाठी." कुणी चुकून पुसू नये म्हणून वरची प्लास्टिकची टिकली तू मोडून पाठवली होतीस. आता गेल्या आठवड्यात तुझी मेल आली. नीरजने वाचून दाखवली. तुझी जुनी गाणी एकत्र काढतायत, आणि त्या चार गाण्यांतलं शेवटचं, तुझ्या तिकडच्या गाणाऱ्या ग्लोरियाबरोबरचं, नुसत्या दोन आवाजांचं, वाद्य नाही की यंत्र नाही, ते स्टुडिओतून हरवलंय. ग्लोरिया तर गेल्या वर्षी गेलीच, म्हणजे पुन्हा गाणं नाही. आणि खाली तू लिहिलंस, "मावशीकडे आहे म्हणून मी निर्धास्त आहे." नीरज म्हणाला, "अच्छा, म्हणजे आपल्या घरात खजिना आहे, यार." मी म्हटलं, कपाटात बघते. आठ दिवस झाले, मी बघतेच आहे.

अक्षया, त्या कॅसेटवर भजन आहे.

नीरजला सांगताना मी म्हणणार होते की चुकून झालं. तुलाही तेच लिहायला बसले होते, तो कागद फाडून टाकला. टिकली मोडलेल्या कॅसेटवर चुकून काही होत नाही, रेकॉर्डचं बटण खाली दबतच नाही. त्या खाचेत मी कॅलेंडरचा कागद घडी घालून कोंबला होता. तीन घड्या घातल्या, तेव्हा बसला.

त्या मंगळवारी बायका जमल्या होत्या. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आमच्या अक्षयाचं फॉरेनचं गाणं ऐका. लावलं. आधी खालून धडधड, मग तुझा श्वास. नुसता श्वास, मोठा करून, पुन्हा पुन्हा, त्याचाच ठेका केलेला. मी वातीने जो बंद केला होता तो. कुसुमावती म्हणाली, "अगं बाई, पोरगी गातेय की दम्याचा अटॅक आलाय?" सगळ्या हसल्या. आणि मी हसले. सगळ्यांत मोठ्याने मीच हसले. पदराने डोळे पुसून म्हटलं, जाऊ दे, आपलं भजन तरी भरू या. नव्या कॅसेटी ड्रॉवरमध्ये होत्या, दोन. मी ड्रॉवर उघडला नाही.

भजन रंगात आलं आणि लाइट गेली. मी बटण वर केलं, कॅसेट शिवणाच्या डब्यात टाकली. चार दिवसांनी तुझा फोन आला. म्हणालीस, "ऐकलंस?" मी म्हटलं, "ऐकलं गं, छान झालंय." तू पलीकडे रडायला लागलीस. मला वाटलं, लाइन खराब आहे.

पुढे तू दिल्लीच्या एका मासिकात सांगितलंस, की परत यायला निघाले होते, बॅग भरली होती, पण मावशीला गाणी आवडली म्हणून राहिले. ते कात्रण तुझ्या काकांनी फ्रेम केलंय. हॉलमध्ये आहे. मी त्याच्याखालून दिवसातून वीस वेळा जाते. तू पाठवलेल्या सीड्या शोकेसमध्ये आहेत, पाहुण्यांना दाखवते; त्यांच्यावरचं प्लास्टिक परवापर्यंत तसंच होतं.

परवा ते काढलं. दुपारी नीरजच्या कॉम्प्युटरवर एकेक ऐकली. ज्याला तू सोल म्हणतेस, ते तिकडचं जीव ओतून गायचं गाणं, मला कळलं. आपल्या बायका गजरात शेवटी भान विसरतात तसंच आहे ते, फक्त कपडे वेगळे. त्या जर्मन मुलाचं मला आवडलं नाही. डोकं दुखतं, आणि तुझा आवाज तो भाजीसारखा चिरतो. पण आफ्रिकेतल्या त्या माणसाबरोबरचं, एकवीस तारांचं वाद्य वाजवतो तो, ते लागलं आणि तू वरच्या स्वरावर जायच्या आधी श्वास घेतलास. ऐकू आला. मी कुकर बंद करायचं विसरले. वरण करपलं.

मग काल शिवणाचा डबा काढला. खाचेत कागद अजून होता, ऑगस्टची सतरा-अठरा तारीख दिसते त्यावर. कॅसेट लावली. भजन, टाळ, कुसुमावतीचा बेसूर, आणि लाइट गेली तिथे खट्‌. त्यानंतर तू. भजनाने सगळं खाल्लं नव्हतं. ग्लोरियाचा जाड, ऊबदार आवाज आणि त्यावर तुझा, सव्वा मिनिट. घड्याळ लावून मोजलं. ते तेवढंच उरलंय. नीरजबरोबर कॅसेट पाठवते आहे, तो पंचवीस तारखेला ऑफिसच्या कामाने लंडनला येतोय. हे पत्रही त्याच्याच हाती, पाकीट चिकटवून. बाकीचं मी कुठून आणू, बाळा? ती बाई माझ्यामुळे दुसऱ्यांदा गेली.

पण मी लिहायला बसले ते सव्वा मिनिटानंतर जे आहे त्यासाठी. गाणं संपतं, खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, आणि तू बोलतेस: "मावशी, आवडलं नाही तर तसं सांग हं. उगाच छान म्हणू नकोस. तू नाही म्हणालीस तर मी ऐकेन, पण खरं सांग." दहा वर्षं हे माझ्या सुया-दोऱ्यांखाली पडून होतं. म्हणून हे पत्र. तेव्हा मी ते ऐकलंच नव्हतं, अक्षया. काल ऐकलं. ते सव्वा मिनिट फार सुंदर आहे, आणि तो श्वास मी बंद करायला नको होता.

तुझीच, तू अजून म्हणू देशील तर,
सुमित्रामावशी