चौथा कोपरा

६ जानेवारी १९९१, रविवार

आज ट्रंक उघडली. उघडायची नाही असं ठरवलेलं, तरी उघडली! नंदाचे फ्रॉक जसेच्या तसे आहेत. डांबरगोळ्यांचा वास येतो, तिचा येत नाही. कशाला येईल? किती वर्षं झाली.

पिवळा — त्याच्या बाहीला मीच लेस लावलेली. निळा चौकड्यांचा — बालवाडीचा. लाल ठिपक्यांचा घालून ती पॉवर हाऊसच्या भिंतीवरून पडलेली. गुडघा फुटला त्याचं काही नाही, फ्रॉक फाटला म्हणून भोकाड पसरलं बयेने. ते ठिगळ अजून आहे. माझ्याच हातचं, वाकडंतिकडं.

ठरलं. यांचीच गोधडी करायची. नंदाला मार्चमध्ये होईल. पहिलं बाळ.

माझा पोपटी झंपर तेवढा सापडला नाही. एवढ्या फिक्या रंगांत उठून दिसला असता. कधीपासून नाही तेही आठवत नाही. दोरीवरून गेला असेल. या चाळीत काही सांगता येत नाही!

८ जानेवारी

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "पहिली गोधडी आजीची असते. मंजुळा आहे ना!"

मी म्हटलं, मग मी कोण?

हे रेडिओला कान लावून बसले. आखातात काय चाललंय ते कळतं, घरात काय चाललंय ते कळत नाही.

९ जानेवारी

एकदा लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यात घोळत बसणार नाही.

मंजुळा माझी धाकटी जाऊ. नंदा तिची. नंदा दीड वर्षाची असताना मंजुळेला छातीचा आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, लेकरू जवळ ठेवू नका. तानाजीभाऊजींनी पोर आणून माझ्या मांडीत दिली आणि मंजुळेला गावी नेऊन सोडलं. मला मूलबाळ नाही. त्या दिवसापासून झालं! सात वर्षांची होईपर्यंत माझ्याजवळ होती. मला आई म्हणायची. मी शिकवलं नव्हतं. तिचं तिनेच.

मग मंजुळा बरी होऊन मोहन्याला भाऊजींच्या घरी परत आली आणि तिने पोर मागितली. मागणारच. तिची आहे. दिली.

दारातून निघाली ती पोरीने मागे वळून बघितलं नाही. दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून, मान खाली घालून बापाच्या पुढे पुढे चालत गेली. डोळ्यांत एक थेंब नाही. मीच वेडी, अनवाणी स्टेशनच्या वळणापर्यंत गेले. वाटलं, आता वळेल, आता वळेल. नाही वळली.

मोहन्याला गेल्यावर मी काकू झाले. थोरल्या जावेला आमच्यात मोठी आई म्हणतात. तेवढं तरी राहू द्यायचं होतं मंजुळेने.

बस. लिहिलं. आता कामाला लागावं.

१३ जानेवारी, रविवार

मधला भाग जुळला. पोटात सासूबाईंची दोन लुगडी घातली, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. धावदोरा हाताने घातला. बाळाच्या अंगाखाली मशीनचा टाका टोचतो.

काठ माझ्या लग्नातल्या हिरव्या साडीचा. कापायच्या आधी दोनदा घडी घालून परत ठेवली, खोटं कशाला बोलू! पण साडी नुसती ट्रंकेत पडून काय करणार होती?

१५ जानेवारी

गावाकडे काठ सरळ लावतात. एकावर एक टाकला, टीप मारली, झालं. मला तसा नको. फोटोच्या चौकटीला कोपऱ्यात तिरका सांधा असतो ना, तसा पाहिजे. शिवणक्लासच्या बाईंनी एकदा टेबलक्लॉथवर दाखवलेला. तेव्हा मी आणि मागच्या बाकावरच्या खिदळत बसलेलो. आता भोगा!

पहिला कोपरा बिघडला. टीप थेट टोकापर्यंत नेली. दुमडायला गेले तर ही चुणी! शेजारची गंगुबाई डोकावून म्हणाली, "अगं चालतं की, बाळाला काय कळतंय!" बाळाला नाही कळत. बाळाच्या आईला कळेल. सगळं उसवलं.

१६ जानेवारी

जमलं! टोकाच्या पाव इंच आधी थांबायचं. दोन्ही बाजूंनी तिथेच थांबायचं. मग काठाची उरलेली शेपटी तिरकी दुमडायची, घडीवर इस्त्री ठेवायची आणि त्या घडीच्या रेघेवरून आतून बाहेर शिवत जायचं. साडीच्या काठावरची रुईफुलं कोपऱ्यात नाकाला नाक लावून भेटली. मी एकटीच मोठ्याने हसले.

इस्त्री नुसती ठेवायची. ओढायची नाही. तिरकं कापड ओढलं की ताणतं आणि कोपरा तोंड वाकडं करतो. ह्यांच्या पँटी घासून घासून माझा हात तसलाच झालाय. दर खेपेला स्वतःला सांगावं लागतं — ठेव, उचल. ठेव, उचल.

२० जानेवारी, रविवार

मोहन्याला नंदाचं डोहाळजेवण. कोपरीहून तिच्या सासरचे सगळे आलेले. हिरवी साडी, फुलांची वाडी, चेहऱ्यावर काय तेज आलंय! दृष्ट लागेल म्हणून मी जास्त बघितलंच नाही. खरं तर बघवेना.

तिच्या सासूने विचारलं, "ह्या कोण?" मंजुळा म्हणाली, "माझ्या थोरल्या जाऊबाई." बरोबरच आहे. चुकीचं काय बोलली ती?

नंदा आता बाळंतपणाला मोहन्यालाच राहणार. ठाकुर्लीचं नाव कोणी काढलं नाही. माझ्या घरात खाट रिकामी आहे, दवाखाना जवळ आहे, सगळं आहे. पण कोणी विचारायला तर पाहिजे ना!

निघताना मंजुळेला गाठून सांगितलं. सासूबाईंच्या पद्धतीने गोधडी करतेय, चौथ्या कोपऱ्यासाठी तुझ्या साडीचा तुकडा लागेल.

"कशाला ताई त्रास घेता? आमच्याकडे गोधड्या पडल्यात."

पडल्यात!

मी म्हटलं, तरी पण. तर म्हणाली, "बघू."

नंदाची ओटी भरताना तिने माझा हात धरला, नाकाशी नेला. "काकू, अजून तोच वास येतो गं. मशीनच्या तेलाचा." मी हात काढून घेतला. का काढला? मूर्ख बाई!

२१ जानेवारी

आज हात धुवायचं जिवावर आलं.

३ फेब्रुवारी

दुसरा कोपरा. पहिल्यापेक्षा चांगला.

९ फेब्रुवारी

तिसरा. आता थांबायचं.

सासूबाईंचा नियम — बाळाची गोधडी आधी पुरी करायची नाही. तीन कोपरे मिटायचे, चौथा उघडा ठेवायचा. बाळ सुखरूप बाहेर आलं की मग त्या कोपऱ्यात आजीच्या अंगावरच्या कपड्याचा तुकडा घालायचा आणि तो मिटायचा. म्हणजे आजी उशाशी नसली तरी बाळाजवळ असते. त्या म्हणायच्या, "घाई करायची नाही. येणाऱ्याला दार उघडं ठेवावं."

आजी म्हणजे आईची आई. म्हणजे मंजुळा. तिचा तुकडा अजून आलेला नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

भाऊजी येऊन गेले. ह्यांच्याशी दोन तास गप्पा मारल्या, भजी खाल्ली. तुकडा? विचारलं तर म्हणाले, "मंजुळा काय बोलली नाही बुवा."

२० फेब्रुवारी

गोधडी कॉटवर पसरलेली. तीन कोपरे कसे सुरेख, आणि चौथ्याच्या दोन शेपट्या लोंबतायत. येता जाता डोळ्यांना खुपतं. दात पडलेल्या तोंडासारखं.

पद्धत मला कळते. पण मला सांग, रात्र रात्र खांद्यावर घेऊन कोण फिरलं? गोवर आला तेव्हा कडुलिंबाचा पाला घेऊन कोण बसलेलं? कोणाच्या अंगावर झोपायची ती?

२१ फेब्रुवारी

केलं! हे कामावर गेल्यावर दार लावून घेतलं. अंगावरच्या साडीचा पदर आतल्या बाजूने कापला, बोटभर. कोपऱ्यात घातला. दुमडला, शिवला, ओलं मलमलचं फडकं टाकून इस्त्री ठेवली. रुईफुलं इथेही बरोबर भेटली. चारही कोपऱ्यांत हाच सगळ्यात चांगला झाला.

घडी घालून कपाटात ठेवली. मंजुळेला कळणार नाही. कोणाला कळणार? आतला तुकडा कोणाचा ते बाळ काय उसवून बघणार आहे!

२२ फेब्रुवारी

कपाट दोनदा उघडून बघितलं. काल वाटला तेवढा आनंद वाटत नाही.

२८ फेब्रुवारी, गुरुवार — होळी

पुरण शिजत घातलेलं तेवढ्यात निरोप आला. नंदाला कल्याणला दवाखान्यात ठेवलंय. बाळाची हालचाल कमी झालीय म्हणे. डॉक्टर बघू म्हणाले.

पुरण लागलं. पातेलं तसंच ठेवून कपाट उघडलं. मी काही अडाणी नाही. गोधडीच्या कोपऱ्याने बाळाचं काही होत नाही, एवढं मला समजतं. सगळं समजतं! तरी हातात ब्लेड होतं आणि मी उसवत होते. टाका न् टाका. दार उघडं ठेवायचं सांगितलेलं सासूबाईंनी. मी बंद केलं. कशासाठी, तर आजी व्हायची हौस म्हणून!

पदराचा तुकडा काढला, चुलीत घातला.

हे दारात उभे. म्हणाले, "कला, अगं रडतेस काय अशी? होईल सगळं नीट." नैवेद्य नाही दाखवला. देवा, समजून घे.

१ मार्च

हालचाल आहे. देखरेखीखाली ठेवतील. ह्यांनी वाण्याच्या फोनवरून विचारलं.

मला भेटायला जावंसं वाटतं. पण तिथे मंजुळा बसलेली असेल पायथ्याशी. मी कुठे बसू?

४ मार्च

गेले. कळ्या-मोगरीची भाजी आवडते तिला लहानपणापासून, म्हणजे मुळ्याच्या शेंगांची. ती आणि भाकरी घेऊन गेले. मंजुळा बाहेर बाकावर बसलेली. डोळे खोल गेलेत तिचे. डबा घेतला. म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय तिचा, ताई." मी म्हटलं, झोपू दे. थोडा वेळ बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. दोघी भिंतीवरच्या पालीकडे बघत होतो.

मध्येच म्हणाली, "लहानपणी झोपायला लई त्रास द्यायची का हो?"

मी म्हटलं, माझ्याकडे तर पडल्या पडल्या झोपायची.

ती डब्याचं झाकण दाबत बसली. मला नंतर वाटलं, असं तोडून बोलायला नको होतं.

७ मार्च

काही नाही.

९ मार्च

काही नाही. काठाच्या शेपट्यांना चुरगळा पडलेला, इस्त्री केली. ठेव, उचल.

१२ मार्च, मंगळवार

मुलगी! नंदा सुखरूप, बाळ सुखरूप. हे पेढे घेऊनच आले. गंगुबाईला पेढा देताना माझ्या तोंडून निघून गेलं, "मला नात झाली." तिने एक क्षण बघितलं आणि म्हणाली, "झाली तर!" भली बाई.

आता चौथा कोपरा. मंजुळेचा तुकडा आला तर तिचा घालीन. मनापासून घालीन. नाही आला तर तसाच उघडा देईन. माझं काही घालणार नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

१३ मार्च

वाट बघायची नाही म्हटलं की जास्तच बघितली जाते. जिन्यावर पाऊल वाजलं की मी दारात. दूधवाला. पेपरवाला. वरची पोरं.

बाळ कसं दिसत असेल? नंदासारखा नाकाचा शेंडा वर आहे का?

१४ मार्च, गुरुवार

दुपारी मंजुळा आली. एकटी, थेट दवाखान्यातून. चपला काढायच्या आधी विचारलं, "ताई, कोपरा उघडा आहे ना?"

म्हटलं, आहे.

पिशवीतून घडी काढून माझ्या हातात दिली. मला वाटलं तिच्या साडीचा तुकडा. उलगडला तर माझा पोपटी झंपर!

"इथून येताना पोरीने आणलेला. तोंडाशी धरल्याशिवाय झोपायची नाही. मी तिला कुशीत घ्यायला गेले की पाठ फिरवायची. मग मीच लपवला. सांगितलं, उंदराने नेला. टाकून द्यायचं मात्र धाडस झालं नाही, ताई." खाली बघून बोलत होती. मग म्हणाली, "आजीच्या अंगावरचा कपडा लागतो ना? घाला."

घातला. मी दुमडला, इस्त्री तिने ठेवली. ओढायला लागली तेव्हा तिच्या हातावर हात ठेवून दाखवलं.

ती गेल्यावर विचारायचं आठवलं, आणला कसा होता पोरीने? म्हणजे विचारायचं काय त्यात! फ्रॉकच्या आत, पोटाशी. दोन्ही हातांनी दाबून.

म्हणून वळली नाही कार्टी! वळली असती तर मला दिसला असता.