गळ्यातला टाक

३ मे १९५३, डोंबिवली
आज या घरी आले. टिटवाळ्याहून इथवर अंतर ते केवढं, तरी आईनं लंकेला धाडल्यासारखं रडून घेतलं. घर झकास आहे! मागे विहीर, पुढे मोगरा. हे शाळामास्तर, बोलतात कमी पण हसतात छान. सासूबाईंनी उंबऱ्यातच माझ्या गळ्यात चांदीचा टाक बांधला. त्यावर बाईचा चेहरा उठवलेला. ही सुमती, यांची पहिली बायको, दीड वर्षापूर्वी गेली. दुसरेपणावर आलेलीनं सवत गळ्यात वागवायची आणि रोज पहिला घास तिला दाखवायचा, म्हणजे ती त्रास देत नाही. वागवीन. मेलेल्या बाईचा कसला हेवा करायचा?

२१ जून
करते आहे हेवा. आमटी केली की सासूबाई म्हणतात, सुमती गूळ कमी घालायची. रांगोळी काढली की सुमतीचा हात मोठा हलका. घर तिचं, माणूस तिचा, आणि पहिला घासही तिचाच! आज चिडून घास न दाखवताच जेवले.

१२ जुलै
खोकला जात नाही. संध्याकाळी अंग कढत लागतं. टाक छातीला टेकतो तिथंच दुखतं. सासूबाई म्हणाल्या, सवत कोपली. दहीभात उतरवून टाकला. हे मात्र चिडले. सुमतीही काही नाही, काही नाही म्हणत राहिली, वेळेवर दाखवलं असतं तर वाचली असती, म्हणाले. डोळे भरून आले यांचे. खोकते मी, आणि रडतात तिच्यासाठी.

३० जुलै
यांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणली. शनिवारी ठाण्याला जाऊन छातीचा फोटो काढायचा. शेवटी तिलाही तिथंच नेलं होतं म्हणे. मग तर मुळीच जाणार नाही. मी सुमती नाही, धडधाकट आहे. चिठ्ठी हरवली म्हणून सांगितलं. ताप बघू लागले की आधी गार पाणी पिते.

११ ऑगस्ट
चोळ्या ढगळ झाल्या. टाकातला चेहरा मात्र भरल्यासारखा दिसतो. खाते आहे मला. आता दोन घास दाखवते — तरी —

१८ ऑगस्ट
फडक्यावर रक्त. थोडंच. यांना दिसलं तर पुन्हा तिचंच नाव. कोठीतल्या जुन्या जात्यामागे लपवलं. चिठ्ठीही तिथंच ठेवली आहे.

२० ऑगस्ट
जात्यामागे आज हात जरा आत गेला. गाठोडं — फडक्यांचं. माझी नाहीत. डाग वाळून काळे पडलेले. आणि एक चिठ्ठी, छातीच्या फोटोची. नाव सुमतीचं. तारीख मार्चची. ती गेली नोव्हेंबरात. यांना ही चिठ्ठी ठाऊकच नाही —
तीही लपवत होती. इथंच.

२१ ऑगस्ट, सकाळ
टाक काढून ठेवला. खोकला तसाच. म्हणजे ती खात नव्हती मला. कधीच —
उद्या शनिवार. हे ओसरीवर वर्तमानपत्र वाचताहेत. आत्ता हाक मारते, दोन्ही चिठ्ठ्या हातात देते. ओरडू देत. तिचं नाव घेऊ देत हवं तितकं. मला जगायचंय यांच्याबरोबर, तिच्यापेक्षा जास्त वर्षं —
हाक निघत नाही. तोंडात गरम —
वहीवर सांडलं. लिहूनच दाखवते. अहो, मी