चुलीचा देव एक दिवस आधीच निघून गेला

नाही काका, या वेळी चूक तुमचीच! चुलीचा देव वर्षाच्या शेवटच्या महिन्यात तेवीसला घरातल्या चहाड्या सांगायला स्वर्गात जातो, हे लहानपणापासून माझ्या डोक्यात कुणी भरलं? इथे दक्षिणेत, फोशानमध्ये, तो चोवीसला जातो. एका दिवसापायी माझं लग्न मोडत होतं! असो. गुडघे टेकून नमस्कार. तुमचा खोकला, काकूची कंबर आणि आपली डुकरीण, सगळं ठीक असेल अशी आशा.

तर माझी घरमालकीण माइ मावशी, विधवा, खाली शेवयांचं दुकान चालवते. तिची मुलगी गुइचान (जिच्याबद्दल मागच्या पत्रात तुम्ही ‘आपण गव्हाची माणसं, भात खाणारी पोरगी आपल्यात नको’ असं लिहिलंत, तीच). चुलीची पूजा बाईने करायची नसते, म्हणून दरवर्षी मावशीचा दीर येई. यंदा मावशी म्हणाली, “लिउगेन, तूच कर.” म्हणजे काय ते ओळखा! मी इतका हुरळलो की काल तेवीसलाच, मायलेकी बाजारात गेल्या असताना, सगळं उरकून टाकलं. चित्रातल्या देवाच्या ओठांना तिळाची चिकट साखर फासली (वर जाऊन गोड बोलावं, नाहीतर तोंडच उघडू नये), चित्र भिंतीवरून काढून जाळलं, म्हणजे देवाला वाटेला लावलं, त्याच्या घोड्याला चारा ठेवला आणि शाबासकीसाठी दारात उभा राहिलो.

मावशीच्या हातातली पिशवीच गळून पडली. “अरे गाढवा, आमची साखर या पिशवीत आहे! देव गेला तुझी साखर खाऊन. तुझी पापं झाकली, माझी कोण झाकणार?” (शेवयांच्या रश्शात ती पाणी वाढवते, हे त्या देवाला आणि मलाच ठाऊक.) मग तिला देवाची जुनी कथाच आठवली. माणूस होता तेव्हा तो गुणी बायकोला टाकून गेला, सगळं उडवलं, भीक मागत नेमका तिच्याच दारी आला, आणि तिने ओळखूनही जेवू घातलं तेव्हा लाजेने चुलीत शिरून जळाला. “तोही उत्तरेकडचाच असणार! तूही माझ्या पोरीला असाच टाकून पळशील.”

मी म्हणालो, “मावशी, पळालो आणि लाजत परत आलो, तर तुमच्या एवढ्याशा शेगडीत शिरू कुठे? माझं डोकंही मावायचं नाही. त्यापेक्षा जातच नाही.”

काका, मावशी हसली! गुइचान म्हणाली, “आई, चहाडी करणारा गेलाय वर. काय बोलायचं ते आत्ताच बोल.” तेव्हा मीही तुमचंच ऐकवलं (तुमची एक तरी गोष्ट कामाला आली): देव वर गेले की नव्या वर्षापर्यंत लग्नाला मुहूर्त बघायला नको. मावशीने कपाळाला हात लावला, पण एकोणतीस तारीख दिली. अट एकच, मुलाकडचं वडीलधारं माणूस समोर बसलं पाहिजे. मला तुमच्याशिवाय आहे कोण? आपला पेंगशान आजच्या गाडीने गावी निघालाय, पत्र त्याच्याच हाती देतोय.

तुमचा पुतण्या,
लिउगेन

ता. क. तुमच्यासाठी गुइचान गव्हाचे वाफवलेले पाव शिकतेय. पहिले दगड झाले होते. मी चार खाल्ले. तुम्हीही खा, आणि चेहरा सरळ ठेवा.

पुन्हा ता. क. मावशीने विचारलंच, तर आपल्याकडेही देव चोवीसलाच जातो असं सांगा. तेवीस हा माझ्या एकट्याचा वेंधळेपणा, असं मी कबूल करून बसलोय. गाडीभाडं पेंगशानजवळ दिलंय, पण फक्त यायचं. परतीचं अक्षता पडल्यावर हातात मिळेल. तूर्त यायचे एकशे वीस युआन.