चटईखालची सुकेळी

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा देश इंग्रजांचा होता, त्यामुळे त्याची गरिबीही त्यांच्याच नावावर होती. आता ती आपल्या नावावर झाली आहे. काल वर्तमानपत्रात वाचलं आणि हातातला चहा तसाच निवला. जगातल्या विद्वानांनी एकेका देशाची वर्षाची सगळी कमाई घेतली, तिला माणसांच्या संख्येनं भागलं आणि दरडोई जे आलं त्यावरून देशांना पायऱ्यांवर बसवलं. आपण अगदी तळाला. मला वाटायचं, मध्ये कुठेतरी असू. नंदाखाल गावच्या वाडीत, केळीच्या घडांमध्ये बसलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार?

मग आठवलं, या भागाकाराला आपल्या घराचाही हात लागला असणार. गेल्या महिन्यात एक सरकारी कारकून घरोघरी कमाई विचारत आला होता. फाटक वाजलं मात्र, आईनं तुम्ही शिकवलेली कवायत केली. अंगणात केळी सोलून वाळत घातलेल्या सुकेळ्यांवर चटई, चेहऱ्यावर सुतक. "काय पिकतंय हो इथं? काही नाही." कुंपणापलीकडचे बागवाले, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे, तेही तिथूनच ओरडले, "आमचं तर त्याहून काही नाही!" भरला घड परक्याला दाखवू नये, नजर लागते आणि नजरेमागून व्यापारी येतो, हे तुमचंच शिकवणं. तुम्ही मला पाठशाळेत घातलंत, तिथे न्यायशास्त्रात अभाव हाही एक पदार्थ असतो असं शिकलो. तो चटईखाली वाळवताही येतो, हे मात्र घरीच कळलं.

त्या वेळी ओट्यावर किनाऱ्यावरच्या राजोडी गावची कोळीण बसली होती. तुमच्या काळापासून मासळी देऊन केळी नेते, तीच. तिच्या पाटीत त्या दिवशी मूठभर जवळाच होता. कारकुनानं तिलाही विचारलं. "आमच्याकडं काय नाय, दादा." तो गेल्यावर आई कौतुकानं म्हणाली, "बाई गं, तू तर माझ्याहून पक्की निघालीस!" कोळीण नुसती हसली आणि पाटी उचलून गेली.

त्यानंतर ती यायची बंद झाली. गेल्या आठवड्यात केळ्यांची फणी घेऊन मीच राजोडीला गेलो. अण्णा, दारातच माझे पाय थांबले. घरात काही नाही. म्हणजे खरंच काही नाही. चूल थंड, एक टोप पालथा, नवरा फाटक्या जाळ्यावर पडून खोकतोय, होडी फुटून वाळूत पडलेली. तिच्या धाकट्या मुलीनं केळं सोलायचीही वाट पाहिली नाही. "सांगितलेलं ना मास्तर, त्या सायबाला," कोळीण म्हणाली, "कोनी खरं मानलं नाय." इतकी वर्षं जिच्या हातचं खाल्लं, ती आणि आपली आई, त्या भागाकारात दोघी अगदी सारख्या!

आज कारकून पुन्हा आला, चिडलेला. स्वस्त धान्याचं दुकान कुठल्या गावात उघडायचं, ते तालुक्याला ठरवायचं आहे म्हणे. "सगळा पट्टाच काही नाही म्हणतो हो, मास्तर! साहेब म्हणतात, सगळे खोटे. सगळ्यांवर काट मारा, राजोडीसकट."

मी आईकडे पाहिलं. राजोडीचं सगळं तिला सांगितलं होतं. वाटलं, आत निघून जाईल. ती अंगणात उतरली आणि चटई सर्रकन ओढून काढली. सुकेळी उन्हात नुसती चमकत होती.

"घ्या लिहून. आमच्याकडं आहे. आणि ती कोळीण नाही म्हणाली ना, तिच्याकडं नाही."

कुंपणापलीकडून हाक आली, "काकी, नजर लागंल!"

"लागू दे मेली. आणि तूही काढ तुझी चटई."

कारकुनानं सगळं लिहून घेतलं. राजोडीवरची काट माझ्यादेखत खोडली. दुकान उघडेल की नाही, ठाऊक नाही.

तुम्ही असतात तर आईशी महिनाभर अबोला धरला असतात, म्हणून हे पत्र घालायला तिकडची टपालपेटी नाही तेच बरं. आणि एक. जाता जाता कारकून मला म्हणाला, "एवढंच ना, मास्तर?" माळ्यावर राजेळी केळ्यांचे घड पिकत घातले आहेत, वास ओट्यापर्यंत येत होता. तरी माझ्या तोंडून तुमचाच आवाज निघाला, "एवढंच."