ओंडक्यापर्यंत

४ फेब्रुवारी

शेठ आजही पट्टा तोंडात धरून हजर! हे गेल्यापासून रोज हाच उद्योग. शिवणयंत्राच्या पायाशी येतो, पट्टा टाकतो आणि माझ्याकडे असा बघतो, जणू मीच ह्यांना कुठेतरी दडवून ठेवलंय. आज ओरडले त्या मुक्या कुत्र्यावर. मग रडले. पडद्यांचं काम तसंच पडून आहे.

५ फेब्रुवारी

लेकीचा फोन. एकवीसला येतेय. म्हणे दोघींनी टेकडीवर जायचं, बाबांच्या जागेवर बसायचं. म्हटलं, माझे गुडघे? "आई, टेकडी आहे ती, हिमालय नाही! बाबा रोज जायचे ना?"

जायचे खरे. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून लोकांना वर पोचवलं, आता आपल्या पायांनी वर जातो, म्हणायचे. शेठला घेऊन निघायचे ते ऊन चढेपर्यंत गायब. परत आले की चहाबरोबर बातम्या — आज वर वारा काय होता! आज नदी दिसली. आज नुसतं धुकं. मी यंत्र चालवत हं हं करायची.

फोन ठेवताना ती नेहमीचंच बोलली. "झोपेत गेले, काही कळलंच नाही त्यांना. तेवढंच बरं वाटतं बघ." मलाही तेवढंच बरं वाटतं. ह्या एका वाक्यावर आम्ही दोघी तग धरून आहोत.

७ फेब्रुवारी

सराव म्हणून निघाले. पुढे शेठ, त्याच्या त्या गल्ल्यावर बसायला निघाल्यासारख्या चालीनं. त्या चालीवरूनच तर ह्यांनी नाव ठेवलं. पाण्याच्या टाकीमागून पायवाट झाडीत शिरते. वाळक्या पानांचा आवाज एवढा, की मागून कोणी येतंय असं वाटून दोनदा वळून पाहिलं. कोणी नव्हतं. कोण असणार!

मधल्या वळणावर एक झाड आडवं पडलंय. त्या ओंडक्याशी शेठनं बसकण मारली. ओढलं, चुचकारलं, शिव्या घातल्या. ढिम्म! शेवटी मीही टेकले. साल एका जागी अगदी गुळगुळीत झालीय. तिथूनच परत फिरलो. वेळ फुकट.

८ फेब्रुवारी

पुन्हा तिथेच आडवा. मी हात टेकले.

१० फेब्रुवारी

आज बिस्किटं नेली. अख्खं पुढे धरलं तर हुंगेना. कंटाळून अर्धं मी खाल्लं, अर्धं त्याला दिलं — लगेच खाल्लं, उठला, आणि वर नाही, सरळ घराच्या दिशेनं चालायला लागला!

मागून हसण्याचा आवाज. लाकूडफाटा गोळा करणारी बाई. "काकांचाच ना हा? अर्धं आपण खायचं, अर्धं त्याला, मग घरी. रोजचंच आहे त्याचं. काका कुठं दिसत नाहीत?"

सांगितलं. तिनं डोक्यावरची मोळी उतरवली आणि मटकन बसली.

"ते वर कुठं जायचे हो! आधी जायचे. गेलं वर्षभर इथंच. छातीवर हात ठेवून बसून असायचे. मी म्हटलं एकदा, डॉक्टरला दाखवा. म्हणाले, दाखवलंय. घरी काही बोलू नकोस."

घरी कशी आले, आठवत नाही.

११ फेब्रुवारी

दाखवलंय! कुठे? कधी? आणि नदी दिसली म्हणे. धुकं म्हणे! माझ्यासमोर बसून, माझ्याच हातचा चहा पीत, थापा! जेवणात मीठ कमी पडलं तर लगेच बोलून दाखवणारा माणूस. आणि हे नाही सांगितलं?

कळलंच नाही त्यांना, म्हणत होतो आम्ही. त्यांना सगळं कळत होतं. रोज त्या ओंडक्यावर एकटे बसून कळत होतं.

१३ फेब्रुवारी

ह्यांची उशी उन्हात टाकली. पुन्हा आत आणली.

१५ फेब्रुवारी

शेठला घरात कोंडून एकटीच गेले. ओंडक्याकडे बघितलं नाही. थांबत, गुडघे धरत, पोचले एकदाची! वर एक सपाट खडक, थोडं गवत. वारा होता. नदी दिसली. ह्यांनी सांगितलेलं सगळं खरंच होतं, फक्त शिळं होतं. मला रोज गरम करून वाढत होते. तिथे बसून पोटभर रडले. राग गेला असं नाही, पण त्याची धार गेली.

लेकीला सांगायचं नाही. मे महिन्यात ती आली होती तेव्हा दोघं रोज जायचे, आणि आल्यावर दोघंही वाऱ्याचं कौतुक सांगायचे. म्हणजे तिच्यासाठी कसंबसं ओढत नेलं असणार स्वतःला वरपर्यंत. लेकीसमोर थांबायचं कसं! हे तिला कळलं तर ती जन्मभर स्वतःला खात राहील. काही कळलंच नाही त्यांना — तिच्यापुरतं तरी हे असंच राहू दे.

२१ फेब्रुवारी

लेक आली. किती वाळलीय! जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, उद्या शेठला शेजारणीकडे ठेवू या का? "काहीतरीच काय, आई! बाबांच्या वाटेवर त्याच्याशिवाय जायचं?" तो ओंडक्याशी थांबला, तर म्हातारा झालाय, दमतो, असं सांगायचं ठरवलंय. आरशासमोर म्हणूनही बघितलं.

२२ फेब्रुवारी

शेठ ओंडक्याशी आडवा झाला. मी तयारच होते. "म्हातारा झालाय गं, दमतो."

लेक पुढे आली. ओंडक्यावर बसली, त्या गुळगुळीत जागेला लागून, ती जागा मोकळी सोडून. खिशातून बिस्कीट काढलं, मोडलं. अर्धं स्वतःच्या तोंडात, अर्धं शेठपुढे. मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि हात तसाच राहिला.

मी जाऊन त्या मोकळ्या जागेवर बसले. म्हटलं, "मलाही दे एक."